भांडणाआधीचा राजीनामा

शिडी पन्हळीला टेकवून इन्स्पेक्टर वर चढला, तेव्हा सकाळचे नऊ वाजत होते. न्यू जर्सीतल्या मिडलसेक्स काउंटीमधलं हे घर, साठ-पासष्ट वर्षांचं. माझी भाची आणि तिचा नवरा अंगणात मान वर करून उभे होते. घर अजून त्यांचं झालेलं नव्हतं. सौदा ठरला होता, कर्जाचे कागद बँकेत होते आणि मधल्या या दिवसांत घराची तपासणी करून घ्यायची होती. घरमालक सकाळीच बाहेर निघून गेले होते.

संपादकांनी या वर्षीच्या अंकासाठी ‘घर आणि कागद’ हा विषय दिला, तेव्हा मी सातबारा, इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट यांच्याच वाटेने जाणार होते. मे महिन्यात भाचीकडे गेले आणि या शिडीखाली उभी राहिले, तेव्हा विषय हाती लागला.

इन्स्पेक्टर तीन तास घरभर फिरला. चिमणी छताला जिथे भिडते तिथली पत्र्याची पट्टी, जिला तिकडे फ्लॅशिंग म्हणतात, ती त्याने बोटाने दाबून पाहिली. विजेच्या पेटीचं झाकण काढलं. प्रत्येक प्लगात तीन दिव्यांचं छोटं यंत्र खोचलं. सगळे नळ एकदम सोडून पाण्याचा जोर पाहिला. माळ्यावर गुडघ्यांवर सरकत गेला. वाळवीची आणि रेडॉन वायूची तपासणी वेगळी, त्यांचे पैसेही वेगळे. रेडॉनचा आकडा लिटरमागे चार पिकोक्युरी किंवा त्याहून जास्त निघाला तर उपाय करा, असं तिथल्या पर्यावरण खात्याचं सांगणं आहे, हे त्याने जाता जाता समजावलं. शेवटी तो तळघरात उतरला. मागच्या भिंतीला लागून घरमालकांची खोकी छतापर्यंत रचलेली होती. त्याने टॉर्च मारला, फोटो काढला आणि टॅबवर एक ओळ लिहिली: सामानामुळे ही भिंत पाहता आली नाही.

“खोकी हलवता येत नाहीत का?” मी विचारलं.

“माझं काम डोळ्यांना दिसेल तेवढं पाहायचं,” तो म्हणाला. “सामान हलवायचं नाही, भिंत फोडायची नाही.”

हे त्याचं म्हणणं नियमाला धरून होतं. इन्स्पेक्टरांच्या संघटनांची जी मानकं आहेत, त्यांत हेच लिहिलेलं असतं.

पाचव्या पानावरचं कलम

आदल्या रात्री त्याचा करारनामा ईमेलवर आला होता. भाचीने तो ऑफिसातून परतताना, सिग्नलला गाडी थांबली असताना फोनवर उघडला आणि बोटाने सही केली. तिला दोष देण्यात अर्थ नाही. घर घेताना त्या पंधरा दिवसांत माणूस इतक्या सह्या करतो की बोट आपोआप फिरतं. काळजी वाटावी अशी गोष्ट पुढेच आहे. न्यू जर्सीत घराच्या खरेदीचा करार वकिलाला दाखवायला कामाचे तीन दिवस मिळतात. तो करार वकिलाने ओळ न् ओळ वाचला होता. इन्स्पेक्टरशी झालेला करार मात्र कुणीच वाचला नव्हता, वकिलाने नाही, एजंटाने नाही, आणि ज्यांनी सही केली त्यांनीही नाही.

रात्री जेवणं झाल्यावर मी तो मागितला. “मावशी, तू खरंच वाचणार आहेस?” म्हणत भाचीने लॅपटॉप पुढे सरकवला. पाचव्या पानावर तीन गोष्टी पाठोपाठ होत्या. दोष आढळला तर लेखी कळवायचं आणि इन्स्पेक्टरने येऊन पाहण्याआधी दुरुस्तीला हात लावायचा नाही. वाद झाला तर कोर्टात जायचं नाही, लवादाकडे जायचं. आणि त्या लवादाचा निवाडा शेवटचा, दोघांवर बंधनकारक.

“म्हणजे आम्ही काय दिलं?” जावईबापूंनी विचारलं.

न्यायाधीशापुढे जायचा हक्क दिला, ज्यूरीपुढे जायचा हक्क दिला, आणि अपिलाचा जवळजवळ सगळाच. 1925 सालच्या अमेरिकेच्या संघीय लवाद कायद्याप्रमाणे निवाडा रद्द होतो तो लबाडी, लवादाचा उघड पक्षपात, सुनावणीतला गैरप्रकार किंवा अधिकार ओलांडणं अशा मोजक्या कारणांनी. लवादाकडून कायदा समजण्यात चूक झाली, एवढं कारण सहसा पुरत नाही.

जुन्या दप्तरातला शब्द

ते कलम वाचताना मला राजीनामा हा शब्द आठवला. आज आपण तो नोकरी सोडताना लिहितो. मराठेशाहीच्या दप्तरात त्याचा अर्थ अक्षरशः राजी असल्याचा कागद. वतनाचा, शिवेचा, घराच्या भिंतीचा तंटा गोताकडे किंवा पंचांकडे गेला की वादी-प्रतिवादी आधी राजीनामा लिहून देत: हे पंच जो निवाडा करतील तो आम्हाला मान्य. सोबत जामीन देत. मग तकरिरी, म्हणजे दोघांच्या जबान्या होत, साक्षीपुरावे होत. निकाल लागला की हरणारा येजितखत लिहून देई, म्हणजे आपण हरलो याची कबुली. जिंकणारा सरकारात हरकी, म्हणजे जिंकल्याबद्दलची रक्कम भरी. ही पद्धत निर्दोष नव्हती. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाबद्दलच्या 1819 च्या अहवालात इंग्रज प्रशासक एल्फिन्स्टनने पंचायतींबद्दल बरंच चांगलं लिहिलं, आणि त्या किती रेंगाळत हेही लिहिलं.

पण त्या पद्धतीतली एक गोष्ट या पाचव्या पानाशेजारी ठेवली की फरक डोळ्यांत भरतो. आपल्याकडचा राजीनामा तंटा उभा राहिल्यावर लिहिला जाई. भिंत पडलेली असे, शेजारी समोर उभा असे, पंच कोण हे दोघांनाही ठाऊक असे. काय पणाला लागलंय हे कळल्यावर माणूस राजी होत असे. भाचीने लिहून दिलेला राजीनामा भांडणाच्या आधीचा आहे. भिंतीत ओल आहे की नाही हे माहीत नाही, नुकसान शंभराचं की पन्नास हजारांचं हे माहीत नाही, पंच कोण असेल हे माहीत नाही, आणि ती राजी झाली आहे. अमेरिकेतली न्यायालयंसुद्धा पूर्वी असे आगाऊ करार सहसा अमलात आणून देत नसत. 1925 च्या कायद्याने ते चित्र पालटलं. मुळात तो व्यापाऱ्यांच्या आपसातल्या वादांसाठी मागितला गेलेला कायदा होता. पुढे तो टेलिफोनच्या कंपनीपासून घर तपासणाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या छापील कागदांत शिरला.

तीनशे पंच्याऐंशी डॉलर

न्यू जर्सीतल्या वकिलांशी या विषयावर बोला, 2004 चा एक निकाल निघतोच. पहिलंच घर घेणारं एक जोडपं. तपासणीची फी 385 डॉलर. नवऱ्याने इन्स्पेक्टरसमोर करार वाचायला घेतला, काही ओळी त्याला अन्यायाच्या वाटल्या, तसं तो बोललाही. उत्तर मिळालं, की हा ठरलेला नमुना आहे, एक शब्द बदलणार नाही, सही करायची तर अशीच करा. त्याने केली. राहायला गेल्यावर छत गळू लागलं. छतावर फ्लॅशिंगच नाही असं निघालं, दुरुस्तीचा अंदाज आठ ते दहा हजार डॉलर. करारात मात्र लिहिलेलं होतं की इन्स्पेक्टरची जबाबदारी 500 डॉलर किंवा निम्मी फी, यांतलं जे कमी असेल तेवढीच. म्हणजे 192 डॉलर आणि 50 सेंट.

खालच्या न्यायालयाने ते कलम मानलं. अपील न्यायालयाने फेटाळलं. एका बाजूला रोज हाच धंदा करणारा, दुसऱ्या बाजूला आयुष्यात पहिल्यांदा घर घेणारा, आणि कागद असा की घ्या नाहीतर सोडा. शिवाय जबाबदारी इतकी नाममात्र ठेवली की काम नीट करायचं कारणच उरत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. राज्याचा कायदा इन्स्पेक्टरला परवाना देतो आणि त्याच्याकडून चुकांचा विमा काढून घेतो, तो ग्राहकाला भरपाई मिळावी म्हणूनच ना, असाही न्यायालयाचा रोख होता.

पुढच्याच वर्षी मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयापुढे घरतपासणीचाच एक करार आला, यात लवादाचं कलमही होतं. ग्राहकाने लवादाकडेच जायचं, इन्स्पेक्टरला मात्र आपल्या फीसाठी कोर्टाचं दार उघडं. हा एकतर्फीपणा न्यायालयाला मान्य झाला नाही. मग 2014 मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्याच धंद्यातल्या एका ग्राहक-करारात सांगितलं, की लवाद म्हणजे कोर्टात जायचा हक्क सोडणं, हे साध्या भाषेत लिहिलेलं नसेल तर ते कलम लागू करता येणार नाही. भाचीच्या पाचव्या पानावर जाड ठशात असलेली, कोर्टात न जाण्याबद्दलची दोन वाक्यं याच निकालामुळे तिथे आलेली असणार. ती जाड होती, स्पष्ट होती. फोनच्या काचेवर बोट फिरवताना तरीही दिसली नाहीत.

टॉर्च घेऊन फिरणारा पंच

घरतपासणीच्या वादांत लवाद म्हणून बसणारे एक गृहस्थ मला रूट वनवरच्या एका डायनरमध्ये भेटले. सत्तरीचे, तीस वर्षं घरं तपासलेले, आता निवृत्त. नाव लिहू नका म्हणाले, कारण त्यांच्यापुढे येणाऱ्या वादांबद्दल बाहेर बोलायचं नसतं. कार्यपद्धतीबद्दल मात्र मोकळेपणाने बोलले.

अर्ज आला की लवादी चालवणारी संस्था दोन्ही बाजूंना नावांची यादी पाठवते. ज्यांची नावं नकोत ती खोडायची, उरलेल्यांना पसंतीचे आकडे द्यायचे. दोन याद्या ताडून नाव ठरतं. नाव ठरलं की यांनी आधी आपले संबंध उघड करायचे. “मी चार नावं तपासतो,” ते म्हणाले. “इन्स्पेक्टर, त्याची विमा कंपनी, एजंट आणि वकील. एकाशी जरी कधी जेवलो असेन तरी लिहून देतो.”

मग कागद मागवायचे: अहवाल, त्या दिवशीचे सगळे फोटो, विकणाऱ्याने दिलेलं घराबद्दलचं निवेदन, दुरुस्तीची बिलं. दोषाची जागा अजून तशीच असेल तर ते स्वतः जातात. त्यांच्या गाडीत टॉर्च, ओल मोजायचं यंत्र आणि गुडघ्याला बांधायच्या गाद्या अजूनही असतात. तपासणीच्या दिवसाचं आणि त्याआधीच्या आठवड्यांचं हवामानही ते काढून बघतात. तपासणी तीन आठवड्यांच्या कोरड्या हवेनंतर झाली असेल तर तळघर कोरडं दिसणारच, त्यात इन्स्पेक्टरची काय चूक?

“लोक मला विचारतात, दोष होता की नाही,” ते म्हणाले. “दोष तर असतोच, नाहीतर ते माझ्याकडे आलेच नसते. मला एवढंच ठरवायचं असतं, की त्या दिवशी, त्या तीन तासांत, त्या उजेडात दुसऱ्या चांगल्या इन्स्पेक्टरला तो दिसला असता का.”

या वाक्यासाठी मी त्यांची ऋणी आहे. निम्मी भांडणं याच जागी चुकतात. घर घेणारा समजतो की फी भरून आपण घराची हमी विकत घेतली. इन्स्पेक्टर समजतो की आपण एका सकाळचं पाहणं विकलं. दोघंही प्रामाणिक असतात. मग वर्षाने भिंतीला बुरशी येते आणि दोघंही फसल्यासारखे एकमेकांकडे बघतात.

इन्स्पेक्टरांची बाजूही त्यांनीच सांगितली. बहुतेकांचं दुकान एका माणसाचं, गाडी हेच ऑफिस. खटला जिंकला तरी वकिलाच्या बिलाने वर्षाची कमाई जाते. विमा असतो, पण पहिले काही हजार डॉलर स्वतःच्या खिशातले. म्हणून छोट्या तक्रारीत पुष्कळ जण फी परत करतात, ‘आता आमची काही मागणी नाही’ असा कागद घेतात आणि मिटवतात. तीन डॉक्टर, दोन शिक्षक आणि एक दुकानदार अशा ज्यूरीला छताच्या पन्हळीचा उतार समजावत बसण्यापेक्षा, जो माणूस स्वतः हजार माळ्यांवर सरपटला आहे त्याच्यापुढे उभं राहणं त्यांना बरं वाटतं. त्यांच्या जागी असते तर मलाही वाटलं असतं.

पण मग तो पंच कुणाचा? त्याच धंद्यातला माणूस त्याच धंद्यातल्या माणसाचा न्याय करणार. ग्राहक आयुष्यात एकदा येणार, इन्स्पेक्टरची विमा कंपनी पुन्हा पुन्हा. ही शंका हवेतली नाही. क्रेडिट कार्डांच्या थकबाकीची लवादी चालवणाऱ्या ‘नॅशनल आर्बिट्रेशन फोरम’ या मोठ्या संस्थेवर 2009 च्या जुलैत मिनेसोटाच्या ॲटर्नी जनरलने दावा लावला. वसुली करणाऱ्यांशी असलेले आर्थिक संबंध संस्थेने ग्राहकांपासून लपवले, असा आरोप होता. आठवड्याभरात संस्थेने ग्राहकांच्या वादांचं काम सोडून दिलं. घरतपासणीचा त्यात संबंध नव्हता. पण यादी कोण बनवतं आणि त्या यादीवर पोट कुणाचं चालतं, हा प्रश्न तेव्हापासून कुणालाच टाळता आलेला नाही. मी तो डायनरमध्ये विचारला. त्यांनी कॉफीचा कप बाजूला ठेवला आणि म्हणाले, “म्हणूनच त्या चार नावांत विमा कंपनी आहे.”

लोणा

भाचीच्या ओळखीत एक मराठी कुटुंब आहे. ते या सगळ्यातून गेलेलं. शनिवारी दुपारी त्यांच्याकडे गेलो. काकूंनी कांदेपोहे केले होते, आणि पोह्यांची ताटली हातात असतानाच काका मला तळघरात घेऊन गेले.

घर घेतल्यावर पहिल्याच पानगळीत जोराचा पाऊस झाला आणि तळघरात घोट्याएवढं पाणी आलं. घाबरून त्यांनी दुसऱ्या दिवशी माणूस बोलावला. भिंतीच्या कडेने फरशी फोडून चर खणला, पाइप टाकला, खड्डा करून पंप बसवला. बारा-तेरा हजार डॉलर गेले. मग इन्स्पेक्टरला पत्र लिहिलं. तो म्हणाला, आता सगळं खणून टाकल्यावर मी काय पाहू? करारात लिहिलेलं होतं, आधी मला दाखवा.

“ताई, घरात पाणी असताना माणूस करारनामा शोधतो का?” काका म्हणाले.

नाही शोधत. पण फोटो तरी काढून ठेवायला हवे होते, हे त्यांनाही आता कळतं. पाणी उपसायला कुठलाच करार अडवत नाही. पाणी उपसा, सामान वाचवा, त्याच दिवशी चार ओळी ईमेल करा, पाण्याची खूण फूटपट्टी धरून टिपा, आणि भिंत फोडण्याआधी त्या माणसाला यायची संधी द्या. पुरावा खणून टाकला की खरं बोलणाऱ्याचीही बाजू पोकळ होते.

सुनावणी ऑनलाइन झाली, एका दुपारी. यांनी वकील केला नव्हता. इन्स्पेक्टरतर्फे विमा कंपनीचा वकील. लवाद जुना इन्स्पेक्टर होता. तासाभराने त्याने सगळ्यांना थांबवलं आणि अहवालातला एक फोटो पडद्यावर मोठा केला. फोटो पाणी तापवण्याच्या टाकीचा होता. टाकीच्या मागे भिंतीचा हातभर तुकडा दिसत होता आणि त्यावर पांढरी भुकटी.

“लोणा!” काकू म्हणाल्या. “आमच्या वाईच्या घरात माजघराच्या भिंतीला लहानपणापासून बघितलेला. आणि या फोटोत मला तो दिसला नव्हता.”

भिंतीतून पाणी झिरपतं, वाळतं आणि क्षार मागे ठेवतं. इन्स्पेक्टरच्या स्वतःच्या कॅमेऱ्याने तो टिपला होता, अहवालात मात्र त्याबद्दल अक्षर नव्हतं. ज्यूरीतल्या सहा जणांना तो दिसला असता की नाही, मला शंका आहे. ज्याने आयुष्यभर तळघरं पाहिली त्याला तो लगेच दिसला. धंद्यातलाच पंच का हवा, याचं इतकं चोख उत्तर मला दुसरीकडे मिळालं नाही.

निवाडा आला तो एका पानाचा. साधारण निम्मी रक्कम मंजूर. कारण एकही नाही. पुष्कळ लवादी निवाडे असेच असतात. करारात मागितलं नसेल तर कारणं लिहायची सक्ती बहुधा नसते. पैसे महिन्याभरात मिळाले. काकूंची खंत वेगळीच होती. “निम्मे का, हे कुणी सांगितलंच नाही. आम्ही खणलं म्हणून कापले, की घर जुनं म्हणून कापले? हरले असते तरी चाललं असतं, पण कळलं तर असतं.”

मला ही खंत फार मोलाची वाटते. कोर्टाचा निकाल सगळ्यांसाठी लिहिलेला असतो. 385 डॉलरवाल्या त्या जोडप्याची गोष्ट आज मला सांगता येते, कारण ती निकालपत्रात आहे. काका-काकूंचा निवाडा त्यांच्या कपाटात आहे. त्यांच्या गल्लीत पुढच्या वर्षी घर घेणाऱ्याला तो कधीच वाचायला मिळणार नाही, आणि त्याच इन्स्पेक्टरच्या पुढच्या ग्राहकालाही नाही.

आपल्याकडचा उंबरा

पुण्यात फ्लॅट घेणारा माणूस अजून इन्स्पेक्टर क्वचितच लावतो, पण बिल्डरच्या करारातलं लवादाचं कलम त्याच्या ओळखीचं आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये ‘एमार एमजीएफ’ प्रकरणात स्पष्ट केलं, की असं कलम असलं तरी ग्राहकाला ग्राहक न्यायालयाचं दार बंद होत नाही. म्हणजे इथे आगाऊ लिहिलेला राजीनामा ग्राहकाला पुरता बांधत नाही. त्याच वर्षी महारेराने सलोखा मंच सुरू केला. तिथे दोन सलोखाकार बसतात, एक ग्राहक संघटनेचा आणि एक बिल्डरांच्या संघटनेचा, आणि तिथे जायचं की नाही हे वाद झाल्यावर, दोघांच्या संमतीने ठरतं. भाचीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, “मग मी त्यालाच विचारून बघते ना.”

तिने विचारलं. सही झालेली असूनही विचारलं. तीन गोष्टी मागितल्या. लवादाकडे जायचं की नाही हे वाद उभा राहिल्यावर दोघांनी ठरवावं. छोटी रक्कम असेल तर स्मॉल क्लेम्स न्यायालयात जायची मोकळीक असावी. न्यू जर्सीत 2022 पासून या न्यायालयाची मर्यादा 5,000 डॉलर आहे. आणि निवाड्यात कारणं लिहिलेली असावीत. इन्स्पेक्टरने मोकळेपणाने सांगितलं की हा नमुना विमा कंपनीने दिलेला, त्यांना विचारावं लागेल. दोन दिवसांनी उत्तर आलं. पहिली गोष्ट नाही. दुसरी आणि तिसरी मान्य. सुधारलेलं पान सोबत जोडलं होतं, आणि खाली त्याने एक ओळ लिहिली होती: आजवर हे कुणी मागितलं नव्हतं.

तपासणीची मुदत संपायला अजून चार दिवस होते. भाचीने एजंटामार्फत घरमालकांना खोकी हलवायची विनंती केली. त्यांनी हलवली. बुधवारी संध्याकाळी इन्स्पेक्टर पुन्हा आला, जादा पैसे न घेता. तळघरातला दिवा मिणमिणता होता. त्याने गुडघे टेकले आणि टॉर्च भिंतीवर समोरून न मारता भिंतीलगत आडवा धरला. उजेड सरकत गेला. कोपऱ्यापासून हातभर अंतरावर, गुडघ्याच्या उंचीला, पांढरी रेघ होती.

भाचीने माझ्याकडे पाहिलं. “लोणा?” ती म्हणाली. इन्स्पेक्टरने रेघ नीट दिसेल असा फोटो काढला, टॅब मांडीवर घेतला आणि आधीची ओळ खोडून नवी लिहायला लागला.